सरांच्या मोहिमेचा मुख्य प्रायोजक

सरांच्या मरणात माझा हात आहे.
आज वर्ष झालं. आता तरी बोलतो.

देविदास सरांनी मला गावच्या शाळेत गणित शिकवलं. रिटायर झाल्यावर त्यांनी एकच गोष्ट डोक्यात घेतली. फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या लोक नाल्यात फेकतात, अन् नाल्याच्या काठालाच गावाची प्यायच्या पाण्याची विहीर आहे.

माझं कृषी केंद्र आहे. म्हणजे त्या बाटल्या विकणारा मीच.

तरी सर पहिले माझ्याकडंच आले.
"बाबू, तुम्ही दुकानदार सोबत आले त लोक ऐकतीन. माह्यं एकट्याचं कोण ऐकते?"

खोटं कायले बोलू, मला भारी वाटलं. फुलसावंगीपासून उमरखेडपर्यंत सरांना गाडीवर घेऊन फिरलो. कृषी केंद्रवाले, कापसाचे जिनिंगवाले, हार्डवेअरवाले, मोबाईल शॉपीवाला. सगळे लगेच हो म्हणाले. अट एकच.
"बॅनरवर आमचं नाव दिसलं पाहिजे सर. फोटोसहित."

सरांची मागणी साधी होती. रबरी हातमोजे, मास्क, पोती, अन् प्रत्येक दुकानापुढं रिकाम्या बाटल्यांसाठी एक ड्रम.
ड्रम कोणालाच नको होता. वास येते म्हणे. मलाही नको होता.

मग नुसतं बॅनर वाढत गेलं. मधात माझा फोटो, खाली 'मुख्य प्रायोजक'. सरांची ओळ, 'रिकामी बाटली नाल्यात टाकू नका', खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात. बसस्टँडवर लोक विचारायचे, वाढदिवस कोणाचा हाय?

हातमोजे राहून गेले. मीच म्हणालो, "सर, मोजे पुढच्या वर्षी पाहू. आधी मोहिमेचं नाव तर होऊ द्या."


पोळा झाला होता, फवारणी जोरात होती. आम्ही सगळे उद्घाटनाला नाल्यावर गेलतो. दहा मिनिटांत फोटो झाले अन् सगळे पांगले.

सर एकटे नाल्यात उतरले. उघड्या हातानं. अर्ध्या बाटल्यांना झाकण नव्हतं, उरलेलं औषध बोटांवरून ओघळत होतं. मी काठावर फोनवर बोलत होतो.

दोन पोती भरून ते वर आले. घामानं निथळत होते.
"तोंड कोरडं पडलं रे बाबू."

मी खिशातून खर्ऱ्याची पुडी काढली. तंबाखू-सुपारीचा आपला नेहमीचा खर्रा. उघडून त्यांच्यासमोर धरली.
सरांनी त्याच बोटांनी चिमूट उचलून तोंडात टाकली.

गिऱ्हाइकाला मी रोज सांगतो, औषधाचा हात तोंडाला लावू नका. त्या दिवशी माझ्या ध्यानातच आलं नाही. आपल्यात कोणी दमून बसलं की पुडी पुढं करायची, एवढंच आपल्याला माहीत.

संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. नजर धूसर झाली. यवतमाळला नेताना गाडीत विचारत होते, "पोते कुठी ठेवले रे? नाल्यात नको जाऊ देऊ."
तिसऱ्या दिवशी सर गेले.

पोती मी नंतर उघडली. निम्म्याहून जास्त बाटल्यांवर माझ्याच दुकानाचं स्टिकर होतं.

काल दुकानदारांच्या ग्रुपवर ठरलं, सरांच्या आठवणीत मोठं बॅनर लावू. मी लिहिलं, कोणाचाच फोटो नको. फक्त लिहा, 'औषधाच्या बाटलीला उघडा हात लावू नका.'
एकाचं उत्तर आलं, "सीझन चालू हाय भाऊ. गिऱ्हाईक घाबरते. दिवाळीनंतर पाहू."
बाकीच्यांनी अंगठा दिला.

आज सकाळी नाल्यावर गेलतो. पाण्यावर पांढरा फेस आहे. बाटल्या झुडपांत अडकून राह्यल्या. एकही बेडूक ओरडत नव्हता.

घरी आलो तर लेकीनं पाण्याचा गिलास हातात दिला. आत्ताच विहिरीवरून आणलं म्हणे.
मी तोंडाजवळ नेला अन् थांबलो.
तो वास मी पंधरा वर्षांपासून विकून राह्यलो. ओळखायला चुकणार नाही.

सर, मला माफ करू नका. माझा शेवटचा नमस्कार घ्या.

अन् गाववाल्यांनो, हे वाचत असाल तर आज विहिरीचं पाणी भरू नका.