भाषणबंदीचं लग्न

हौसराव खासदार होऊन दिल्लीला गेले आणि त्यांच्या बायकोच्या, मालनबाईंच्या, मागे इकडे गावी, न्हावऱ्यात, ससेमिरा लागला. भाषण दिल्लीत व्हायचं, जाब मात्र गोठ्यात शेण काढणाऱ्या बाईला द्यावा लागायचा. रस्ता का होईना, एस.टी. का थांबेना, विचारा मालनबाईंना! बाई पार मेटाकुटीला आल्या होत्या.

त्यात त्रेसष्ट साल उजाडलं. चीनची लढाई नुकतीच थांबलेली. फौजेच्या वर्षाच्या खर्चाला मंजुरी द्यायची वेळ आली, सगळे बाकं वाजवत होते, आणि आमचे हौसराव उठून म्हणाले, माझा विरोध आहे. पोरांना बर्फात कापडी बूट घालून का धाडलं ते आधी सांगा, मग नवे पैसे मागा. पेपरात छापून आलं ते एवढंच, की खासदारांनी फौजेच्या खर्चाला विरोध केला. बुटांचं नाव नाही.

लगेच यवतहून निरोप आला. लेकीची, धुरपदाची, सोयरीक तिथं ठरली होती. मुलगा बबन फौजेतला, त्याच लढाईतून परतलेला. बाप मारुतराव जुने सुभेदार. निरोप असा, की फौजेच्या तोंडचा घास काढणाऱ्याची लेक आम्हाला नको.

हौसराव घरी आल्यावर बाईंनी त्यांना फैलावर घेतलं. ते लागले बुटांचं समजावून सांगायला.

"अवो, मला काय सांगताय? यवतला जाऊन सांगा की!"

"मी खरं तेच बोललोय. त्यापायी कुणाच्या पायाला हात लावणार न्हाई."

झालं! नवऱ्याचा ताठा आणि बायकोची वणवण. बाई एकट्याच एस.टी.त बसल्या.

मारुतराव ओट्यावर बसले होते. बसा म्हणाले नाहीत. बाईंनी उभ्यानंच विचारलं, "भाषान त्यांचं, पोरगी माझी. भाषनाची शिक्षा पोरीला का?"

एवढ्यात बबन बाहेर आला. चैत्राच्या उन्हात, घरातल्या घरात पायात करकचून बांधलेले बूट. काय मिजास, म्हणून बाईंना त्याचाही राग आला. पण तो म्हणाला, "आबा, लगीन करीन तर हितंच."

मारुतरावांनी मिशा चावल्या. "ठीक हाय. पर मांडवात खासदारानं तोंड उघडायचं न्हाई. एक शब्दसुदिक न्हाई."

"त्यांचं तोंड मी शिवते," बाई म्हणाल्या.

लग्नाच्या दिवशी हौसराव ओठ आवळून मांडवात फिरत होते आणि बाईंची नजर त्यांच्यावरून हलत नव्हती. नवरदेवाचे पाय धुवायची वेळ आली. हे काम मुलीच्या बापाचं, पाणी आईनं घालायचं. बबन पाटावर बसला, तो बुटासकट. भटजी म्हणाले, पायातलं काढा. बबननं बापाकडे पाहिलं, आणि मग नाड्या सोडल्या.

उजव्या पायाला एकही बोट नव्हतं. डाव्याला दोन उरली होती.

बाईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मारुतराव, ह्ये ठावं असून तुम्ही आमची सोयरीक मोडत व्हता?"

मारुतरावांची मान खाली गेली. "बर्फानं गेली, बाई. कापडी बुटात धाडलं व्हतं. पोरगं अधू झालं म्हंजी पोरगी कोण देणार, म्हून झाकलं. आन् भाषान वाचून वाटलं, आता फौजेला चांगलं बूट मिळायचंच न्हाईत." मग ते हौसरावांकडे वळले. "बोला, खासदारसायब. माझी अट गेली. आता बोला."

हौसरावांनी दोन्ही हातांनी तो पाय धरला होता. आयुष्यभर बोलून बायकोचा जीव खाल्लेल्या त्या माणसाच्या तोंडून शब्द फुटेना.

मालनबाईंनी लेकीकडे पाहिलं. अजून अक्षता पडल्या नव्हत्या, मोडायचं तर आत्ताच मोडता येत होतं. धुरपदानं तो पाय नीट पाहून घेतला.

"आई," ती म्हणाली, "पाणी घाल."