फितीवर अक्षरं कुठे आहेत?

सीताबर्डीला माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी लोक कॅसेट रेकॉर्डरही दुरुस्तीला आणू लागले, तेव्हा मी पाटीवर 'टेप' हा शब्द वाढवून घेतला. माझी पात्रता एवढीच. पुढे कोर्टानं मला तज्ज्ञ साक्षीदार म्हणून बोलावलं, तेव्हा मी खास इस्त्री करून पांढरा शर्ट घालून गेलो होतो, हे सांगायला आज लाज वाटते.

प्रताप नगरात आमच्या घरामागच्या गल्लीत एक शिक्षिका राहायच्या. नवरा खापरखेड्याच्या वीज केंद्रात पाळीवर, पदरात दोन मुली. बाई स्वतः कळमेश्वरच्या बाजूच्या एका खाजगी शाळेत गणित शिकवायच्या. त्या शाळेचे सचिव म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. नोकरीवर घेताना ते प्रत्येकाची कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवत. हे सगळ्या मास्तरांना माहीत होतं आणि सगळे मास्तर गप्प होते. कोणी डोईजड झालं की त्या सहीच्या वरती राजीनामा टाइप व्हायचा.

बाईंवर ती पाळी आली, कारण त्यांनी सचिवांच्या प्रचारफेरीत आपला वर्ग पाठवला नाही. परीक्षा तोंडावर होती, म्हणून नाही पाठवला. दुसऱ्याच दिवशी कार्यालयातून निरोप आला की शनिवारी सचिवसाहेबांना भेटा.

शुक्रवारी संध्याकाळी बाई दुकानात आल्या. "भाऊ, पर्समध्ये मावते असा एखादा टेप आहे का तुमच्यापाशी?"

"काहून? काय भरायचं आहे?"

"त्यांचं बोलणं. मी सांगितलं तर कोण ऐकून घेणार आहे माझं?"

माझा स्वतःचा एक चपटा रेकॉर्डर होता. तो दिला, कोरी कॅसेट टाकून दिली, दोन बटणं एकदम कशी दाबायची ते दाखवलं. बाईंनी तीनदा करून पाहिलं, खट्ट आवाज येऊ नये म्हणून बटणावर रुमाल धरून.

शनिवारी त्या परत आल्या आणि आम्ही दोघांनी ते ऐकलं. पर्सच्या चेनची खरखर होती, मध्येच बाहेर घंटा वाजत होती, पण सचिवांचा आवाज स्वच्छ होता: "कोऱ्या कागदावर तुमची सही हाय ना माह्यापाशी? मले वाटन त्या दिवशी त्याचा राजीनामा होते. अन् कोर्टात गेल्या त मंग पाहून घेतो तुमाले. घरी दोन पोरी हायेत, ध्यानात ठेवा."

बाईंनी पदरानं मानेवरचा घाम पुसला आणि म्हणाल्या, "पुन्हा लावा." मी पुन्हा लावलं. एक नक्कलही काढून ठेवली. महिनाभरानं 'आपला राजीनामा मंजूर' असं पत्र बाईंच्या घरी आलं आणि बाई दिवाणी कोर्टात गेल्या.

मला वाटलं होतं, कॅसेट वाजेल, न्यायाधीश ऐकतील, संपलं. मी वायरी जोडणारा माणूस. बटण दाबलं की आवाज येतो, यावर माझा विश्वास होता.

पहिल्याच तारखेला सचिवांचे वकील उभे राहिले. मोठे वकील होते, हातात जाड पुस्तक. इंग्रजांनी केलेला पुरावा कायदा त्यांनी वाचून दाखवला. दस्तऐवज म्हणजे कुठल्याही पदार्थावर अक्षरांनी, अंकांनी किंवा खुणांनी व्यक्त केलेली बाब. मग त्यांनी कॅसेट दोन बोटांत, मेलेली पाल धरावी तशी धरली. "साहेब, या फितीवर अक्षरं कुठे आहेत?"

कोणीतरी हसेल असं मला वाटलं. कोणी हसलं नाही. न्यायाधीशांनी कॅसेट मागवून घेतली, पेनाच्या टोकानं हातभर फीत बाहेर ओढली आणि चष्मा कपाळावर सरकवून ती खिडकीच्या उजेडात धरली. बराच वेळ पाहत होते. एका बाजूनं दिसेना म्हणून उलटी करून पाहिली.

"काही दिसत नाही," ते म्हणाले.

बाईंचे वकील तरुण होते. वरच्या कोर्टांनी टेपचा पुरावा कधीच मान्य केला आहे, असं ते म्हणाले. "निकालाची प्रत आणली आहे का?" आणली नव्हती. तीन महिन्यांनंतरची तारीख पडली. मी गुडघ्यावर कॅसेट ठेवून, चक्रात पेन्सिल घालून ती हातभर फीत परत आत गुंडाळली. तज्ज्ञ म्हणून माझं पहिलं काम ते.

पुढच्या तारखेच्या आधी सचिवांची दोन माणसं दुकानात आली. एकानं काउंटरवरचं सोल्डरिंग आयर्न उचलून पाहिलं, खाली ठेवलं. "भाऊ, मशीन जुनी होती, आवाज बदलून जाते, इतकंच सांगजा. तुमचं काय जाते?" मी "पाहतो" म्हणालो. नाही म्हणायची माझी छाती नव्हती. चार दिवस जेवण गोड लागलं नाही. बाईंना हे सांगितलंही नाही. साक्षीच्या दिवशी मात्र मी खरं तेच सांगितलं, की मशीन ठीक होती आणि आवाज बदलत नाही. मोठा पराक्रम केल्यासारखं वाटलं. पण न्यायाधीशांनी ते ऐकलंही नसावं, कारण ते प्लग कुठे लावायचा यावर पट्टेवाल्याला रागावत होते.

शेवटी कॅसेट वाजली. सगळ्या कोर्टानं ऐकली. सचिव छताकडे पाहत होते. आता लिहून घ्यायचं होतं. ते काम एका लिपिकाकडे आलं, तो घाटाकडून बदली होऊन आलेला, आमची नागपुरी बोली त्याच्या कानाला नवी. दोन दिवसांनी मसुदा तयार झाला. त्यात लिहिलं होतं: 'आपण न्यायालयात गेल्यास मी स्वतः आपणाकडे पाहीन. आपल्या घरी दोन मुली आहेत, याची जाणीव ठेवली जाईल.'

मी लिपिकाला म्हणालो, "अहो, तो असं बोललाच नाही."

"अशुद्ध भाषा रेकॉर्डवर घेता येत नाही," तो म्हणाला. "मी अर्थ तोच ठेवला आहे."

सचिवांच्या वकिलांनी तो कागद सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. म्हणाले, पाहा साहेब, संस्थेला या बाईंच्या मुलींची सुद्धा काळजी आहे. मला राहवलं नाही. मागच्या बाकावरून उठून म्हणालो, "साहेब, 'पाहून घेतो' म्हणजे काळजी घेतो नाही. धमकी आहे ती. रिक्षावाल्याले विचारा, तोही सांगन."

न्यायाधीशांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "तुम्ही यंत्राचे तज्ज्ञ आहात. भाषेचे नाही. खाली बसा."

मी बसलो. बाईंनी मात्र वकिलाकरवी अर्ज दिला, मसुदा चुकीचा आहे म्हणून. त्या अर्जाला उत्तर, उत्तराला प्रत्युत्तर. दरम्यान कॅसेटला पुरावा म्हणून निशाणी क्रमांक मिळाला आणि ती सीलबंद करायचा हुकूम झाला. कोर्टाला सीलबंद करण्याची एकच रीत ठाऊक होती: कापडात गुंडाळा, दोरा बांधा, वर लाख ओता. कोर्टातल्या वस्तू ज्याच्या ताब्यात असतात त्या नाझराला मी हात जोडले. म्हटलं, प्लास्टिक आहे, गरम लाख टाकू नका, आणि ठेवताना थंड जागी ठेवा. नाझर म्हणाला, "नियमात लाख आहे. थंड जागा नाही." त्यानं मेणबत्तीवर कांडी धरली आणि कॅसेटच्या बरोबर मधोमध लाल ठिपका पाडून त्यावर मोहोर दाबली. मग ते पुडकं टिनाच्या पत्र्याखालच्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या वरच्या फळीवर गेलं. नागपूरचे दोन उन्हाळे ते तिथं होतं.

त्या काळात न्यायाधीशांची बदली झाली. नवे साहेब तरतरीत होते. म्हणाले, वाद कशाला, मी स्वतः ऐकतो. बाईंच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी काहीतरी हललं. सील तोडलं गेलं. कॅसेट पापडासारखी वाकडी झाली होती. मी आतली फीत कशीबशी दुसऱ्या कॅसेटच्या कवचात घालून लावली. आत गाळात रुतलेली म्हैस ओरडावी तसा आवाज आला, थांबला, परत आला.

"हा माझा आवाज नाही," सचिव म्हणाले. त्या सगळ्या खटल्यात त्या माणसानं खरं बोललेलं ते एकच वाक्य.

मी नक्कल पुढे केली. सचिवांचे वकील लगेच उभे राहिले. मूळ अस्तित्वात असताना नक्कल चालत नाही. आमचे वकील म्हणाले, मूळ तर नष्ट झालं आहे. "नष्ट कुठे झालं? ते काय समोर आहे. फक्त ऐकू येत नाही." नव्या साहेबांनी मान डोलावली आणि मुद्दा राखून ठेवला. चंद्रावर माणूस उतरून दहा वर्षं उलटून गेली होती, आणि इथं तीन शिकलेली माणसं वाकड्या कॅसेटकडे पाहून ती जिवंत आहे की मेली यावर गंभीरपणे बोलत होती.

तो मुद्दा त्यांना सोडवावा लागलाच नाही. संस्थेची निवडणूक झाली आणि सचिवांना त्यांच्याच सख्ख्या भाच्यानं पाडलं. भाच्याला मामाची लढाई नको होती. त्यानं बाईंना परत घ्यायचं कबूल केलं, आपसात मिटल्याचा कागद दाखल झाला. पाच वर्षांच्या खटल्याचा निकाल दीड पानात आला. त्यात एक वाक्य होतं, ते मला पाठ आहे: 'उभयतांत तडजोड झाली असल्याने, ध्वनिफीत हा दस्तऐवज आहे किंवा कसे, हा प्रश्न खुला ठेवण्यात येत आहे.'

व्हरांड्यात आल्यावर माझं डोकं फिरलं होतं. म्हणालो, "बाई, पाच वर्षं! अन् म्हणते प्रश्न खुला. वरच्या कोर्टात अर्ज करा. सोडू नका यांना."

बाई पायरीवर थांबल्या. केस बरेच पिकले होते. मोठी मुलगी आता कॉलेजात होती.

"भाऊ, कोणासाठी करू? त्यांच्या कायद्यासाठी?" त्या म्हणाल्या. "मला सातवी ब दिली आहे. पोरं अपूर्णांकात कच्ची आहेत म्हणे. सोमवारपासून जायचं आहे."

मला त्या दिवशी त्यांचाही राग आला. इतकं सोसून माणूस असा सोडून कसा देतो, असं वाटलं. बर्डीच्या चौकापर्यंत मी त्यांच्या चार पावलं पुढेच चालत होतो. कळमेश्वरची बस कुठून सुटते, वेळ बदलली आहे का, एवढंच त्या एका पानवाल्याला विचारत होत्या.