उंब्रज आलं
परवा साताऱ्याला जाताना नातवाच्या गाडीला जळक्या ऑइलचा वास आला आणि मला दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतला तोच रस्ता आठवला. आई तापानं फणफणून मागच्या सीटवर, माझ्या मांडीवर डोकं ठेवून, डोळे मिटून पडली होती, आणि वडील तिला आमच्या जुन्या मोटारीतून पाटणहून साताऱ्याच्या दवाखान्यात नेत होते. मागच्या चाकांमधला डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाचा जोर चाकांना देणारा दातेरी चक्रांचा डबा, महिनाभर कण्हत होता. सुटे भाग कुठं मिळत नव्हते, म्हणून वडिलांनी त्यात लाकडाचा भुसा कोंबून आवाज तेवढा घालवला होता. मल्हारपेठ सोडल्यावर चढाला खाडकन त्याचे दात तुटले आणि जळक्या ऑइलचा वास सुटला. इंजिन चालू राहिलं, चाकं मात्र हलेनात. एका वाटसरूला बैल आणायला पिटाळून वडील परत स्टिअरिंगवर बसले. “आवं, कुठवर आलो?” आईनं विचारलं. “उंब्रज आलं. निम्मी वाट सरली,” म्हणत त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला. गाडी जागच्या जागी थरथरली. एरवी उताराला इंजिन बंद करून थेंब थेंब पेट्रोल वाचवणारा माणूस तो! थोड्या वेळानं म्हणाले, “नागठाणं गेलं बग मागं. आता साताऱ्याचा किल्ला दिसंल.” आई नुसतं “व्हय” म्हणाली. बैलांची घुंगरं ऐकू आली तेव्हा तिचा हात माझ्या हातात गार पडला होता. मी तसं सांगितलं. वडिलांनी मागं वळून पाहिलं नाही. “आला सातारा,” म्हणाले, आणि मग इंजिन बंद केलं. परवा नातू म्हणाला, “आजी, उंब्रज आलं बघ.” मी डोळे मिटूनच “व्हय” म्हणाले.