डोंगरटोल्याले गेली, पोरीचं जावळ तसंच घेऊन आली

दोन रात्री झाल्या, माझ्या डोळ्याले डोळा नाई. पोरीचं जावळ काढाले डोंगरटोल्याले गेली होती अन् न काढताच परत आली. लिहिण्यात चुका असतील, सातवीतच शाळा सुटली माझी. मागं या ग्रुपवर नागझिऱ्याचं लिहिलं तेव्हा तुमच्यातल्या चौघींनी विचारलं होतं, डोंगरातलं जुनं गोंडांचं गाव पाहाचं आहे, कसं जावं? तं सांगते.

डोंगरटोला माझ्या नवऱ्याचं मूळ गाव. तो ट्रकवर असते, महिना महिना घरी नसते. गोंदियाच्या खोलीत मी अन् पोरगी, दोघीच. त्यानं फोनवर सांगितलं, तू जाऊन ये, आत्या आहे तिथं. पोरीले तिसरं चालू आहे, चौथं लागायच्या आत जावळ काढा लागते.

सकाळच्या पॅसेंजरनं गेली. तिकीट दहा रुपये, खिडकी भेटते. आमगाव लागलं तं पोरीले मांडीवर घेऊन बाहेर पाहत राहिली. तिथं माझा भाऊ राहते. मी पोवार जातीची, नवरा गोंड. लग्न झालं तेव्हापासून भाऊ बोलत नाई, माझा नंबर दिसला की कापते. गाडी दोन मिनिटं थांबली. ओळखीचं कोणीच नव्हतं.

सालेकशाले उतरून काळीपिवळीत बसा. भरल्याशिवाय ती हालत नाई, तं घरून खाऊन निघा. डोंगराच्या पायथ्याशी सोडते. पुढं दीड तास पायी, लेकरू कडेवर असलं तं दोन. पाणी सोबत घ्या, मधात कुठंच नाई.

पायथ्याशी एक बाई मोहफुलं वेचून राहिली होती. मले म्हणे, "एकटी काऊन चालली वं?"

"सोबत कोणी नाई."

"तं बोलत जाय. मोहाले अस्वल येते. चूप माणसावर येते ते, बोलणाऱ्याले वाट देते."

मी कोणासंग बोलू? पोरीसंगच बोलली. ट्रकचं सांगितलं, खोलीचं सांगितलं, सगळं सरलं. मंग मामाचं सांगितलं. तुझा मामा मले सायकलच्या दांड्यावर बसवून शाळेत न्यायचा, मागून कुत्रं लागलं की माझ्यापेक्षा तोच मोठ्यानं ओरडायचा. एका जागी झाडी हालली. माकड होतं, पण मंग वरपर्यंत तोंड बंद नाई केलं.

गावाच्या तोंडाशी उभे दगड आहेत, मेलेल्या माणसांचे. काही माझ्यापेक्षा उंच, काही जमिनीत अर्धे गेलेले. सगळ्यात जुना कोणाचा, कोणालेच माहीत नाई. तिथं बसू नका, फोटो काढाचा तं विचारून काढा. घरं मातीची, भिंती अशा सारवलेल्या की हात लावाले जीव होत नाई. आत्यानं कोदोचा भात अन् लाल मुंग्यांची चटणी वाढली. आंबट लागते, भेऊ नका. मी पैसे काढले तं म्हणे, "हॉटेल टाकलं का मी?"

मंग साजाच्या झाडाखाली नेलं, तिथं त्यांचा बडादेव. भुमक, म्हणजे गावचा पुजारी, वस्तरा पाण्यात बुडवून बसला होता. पोरीकडं पाहून म्हणे, "केस आहेत का झाडू?" सगळे हासले. मंग विचारलं, "मामा कुठं आहे?"

मले वाटलं होतं, मामाची मांडी आमच्या पोवारातच लागते. यांच्यात चालून जाईल म्हणून तं एवढा डोंगर चढली.

"बिना मामाचं जावळ होते का वं कुठं?" आत्या म्हणे. "आला नाई?"

"येत नाई तो."

सुकलू नावाचा एक म्हातारा पुढं आला. खाली बसून मांडी थोपटली. "मी होतो मामा. दोन कोंबड्या अन् एक दात आहे, सगळं भाचीचं." पोरगी हासत गेली अन् सरळ त्याच्या मांडीवर बसली. भुमकानं वस्तरा उचलला अन् माझ्याकडं पाहिलं. "पाहून घे बाई. आज जो बसला तोच मामा. उद्या तुझा भाऊ आला तरी तो मामा नाई. देवाले दोनदा सांगता येत नाई."

मी पोरीले ओढून घेतलं. ती रडली, हात त्याच्याकडंच करून राहिली. एवढी लाज वाटली मले. ज्यानं न मागता मांडी दिली त्याच्यावरून उचलली, अन् कोणासाठी, तं जो फोन उचलत नाई त्याच्यासाठी.

सुकलू म्हणे, "राहू दे. मांडी कुठं पळून चालली?"

भुमकानं वस्तरा पुसला. "होळीच्या पुनवेपर्यंत थांबतो. मंग तिले चौथं लागते."

आत्या खालपर्यंत सोडाले आली. परतीची काळीपिवळी चारलेच जाते, चुकवू नका.

गाव चांगलं आहे, जा तुमी. पण मी घरी आली तशी पोरीच्या केसाले फणी लावते अन् तेच मनात येते. नवरा रस्त्यावर. मले काही झालं तं हिले उचलाले कोण येईल? मामा मले त्याच्यासाठी पाहिजे, केसासाठी नाई. सुकलूले आताच चढ चढवत नाई.

तुमच्यात कोणी आमगावचं असेल तं ऐका. बाजाराच्या रस्त्यावर पंप दुरुस्तीचं दुकान आहे, निळं शटर, त्याच्यावरच नंबर लिहिला आहे. तो माझा भाऊ. तुमच्या फोनवरून लावा, उचलते तो. आधी माझं नाव घेऊ नका. म्हणा, तुमच्या भाचीचं जावळ राहिलं आहे, पुनवेच्या आत डोंगरटोल्याले पोचा. तो विचारेल, कोणती भाची? तेव्हा सांगा.