सूर्य ग्वाल्हेरच्या जवळ कधी येतो?

विज्ञान शिकवायला लागले तेव्हा वाटलं होतं, मी सांगेन आणि मुलं ऐकतील. झालं उलटंच! मुलं सांगत गेली आणि मी स्टाफरूममध्ये येऊन हसत बसले. आता इथे ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीत कुणाकडे हळदीकुंकवाला गेले, तरी आधी फर्माईश होते, "मॅडम, तुमच्या वर्गातलं काहीतरी होऊन जाऊ दे!"

*

सातवीला विचारलं, "उन्हाळा का येतो?"

अख्खा वर्ग ओरडला, "सूरज पास आता है!"

मी फळ्यावर आकृती काढली, पृथ्वीचा कललेला आस समजावला. मग ठेवणीतला बाँब टाकला, "उलट पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीत!"

मागच्या बाकावरचा मनीष उठला. वडिलांचं टोपी बाजारात दुकान, त्यामुळे घासाघीस रक्तातच!

"मैडम, पृथ्वी के पास जनवरी में आता होगा. ग्वालियर के पास तो मई में ही आता है!"

बाहेर लूच्या गरम झळा चालल्या होत्या. मी खिडकी लावून घेतली.

*

चंद्रकला म्हणजे चंद्रावर पडलेली पृथ्वीची सावली, असं सगळ्यांनाच वाटतं. ती सावली फक्त ग्रहणात पडते, हे सांगून सांगून माझा घसा बसला. शेवटी खिडक्या लावून घेतल्या, टॉर्च लावला आणि एकेकाच्या हातात चेंडू देऊन त्याला गोल फिरवलं. मुलं खूश, मी त्याहून खूश!

परीक्षेत विचारलं, चंद्राच्या कला कशामुळे दिसतात?

एकाने लिहिलं, "मैडम की टॉर्च से."

*

चंद्र दिवसाही दिसतो, हे कुणी मानेना. म्हणून एका सकाळी वर्ग मैदानात नेला. पश्चिमेला छान फिकट चंद्र! गलका ऐकून प्रिन्सिपल सर धावत आले. मी बोट वर केलं. सर कितीतरी वेळ बघतच राहिले.

मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मैडम, इंस्पेक्शन हो जाने दीजिए, तब तक किसी को मत दिखाइए!"

*

आठवीतल्या ईशा शिंदेचा दादा अमेरिकेला शिकायला गेला. तेव्हापासून तिच्या आईचं जेवणात लक्ष नाही, सारखे डोळे भरून येतात. पोरीला बघवेना. मी वर्गात दिवस-रात्र शिकवलं त्याच दिवशी ती घरी संत्रं घेऊन बसली.

"आई, हे बघ, हे आपण. आणि दादा इथे, पलीकडे. आपली सकाळ, तेव्हा त्याची रात्र."

आईने संत्रं हातात घेतलं, फिरवून फिरवून पाहिलं. "म्हणजे तो आपल्या खालीच आहे?"

"हो, जवळजवळ."

दुसऱ्या दिवशी ईशा मला म्हणाली, "मैडम, आई काल रात्री पोटभर जेवली. पण आज सकाळपासून खलबत्त्याला हातच लावू देत नाहीये. म्हणते, हळू चाला गं, दादा झोपलाय!"