जवळ्याचा डबा

"हे आधी बाहेर ठेवा. चपलांपाशी."

नववीचा वर्ग. माझा तास. संस्थेच्या विश्वस्त बाई नाकाला रुमाल लावून उभ्या. मागे मुख्याध्यापिका. टेबलावर मुलांचे डबे उघडे, कारण मीच सांगितलं होतं: घरचं रोजचं जेवण आणा, अन्नातून ऊर्जा किती मिळते आणि दिवसभरात खर्च किती होते, ते त्यावरच शिकू. पनीर होतं. पाकिटातल्या नूडल्स होत्या. त्या बघून बाई "यम्मी" म्हणाल्या. मग त्यांना जवळा दिसला. कांद्यावर परतलेला सुका जवळा आणि तांदळाची भाकरी.

"कुणाचा आहे हा डबा?"

"माजा हाय, मॅडम." पोरगी उभी राहिली. वर्ग फिदीफिदी हसला. तिची आई मच्छी मार्केटात बसते, हे सगळ्या पनवेलला ठाऊक.

मुख्याध्यापिका माझ्याकडे वळल्या. "तुमच्यात चालत असेल, मॅडम. इथे नाही चालत."

तुमच्यात! मी मोरा कोळीवाड्यातली. बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले, आणि यांच्या एका शब्दात सगळं पाण्यात. वर नोकरी कंत्राटी, मुदत संपत आलेली. मी डबा उचलला आणि दाराकडे निघाले.

दारातून मागे पाहिलं. पोरगी मान खाली घालून स्वतःच्या बोटांचा वास घेत होती. तिला स्वतःचीच किळस यायला लागली होती. माझ्या तासाला. मी शिकवत असताना.

माझं डोकंच फिरलं. परत आले. डबा टेबलाच्या मधोमध आपटला. खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं: जवळा – प्रथिनं, कॅल्शियम. नूडल्स – मैदा, तेल, मीठ.

"मॅडम, मी काय सांगितलं?" विश्वस्त बाई कडाडल्या.

"तास चालू आहे," मी म्हटलं. "ज्यांना वास येतोय त्यांनी बाहेर थांबावं."

या वेळी कुणी हसलं नाही. त्या दोघी तरातरा निघून गेल्या. मी पोरीला बस म्हटलं आणि धडा पुरा केला.

शाळा सुटताना मुख्याध्यापिकांनी बोलावून घेतलं. "तुमची मुदत वाढणार नाही, असं समजा."

समजले. चांगलं समजले. तुमच्या शाळेत मैद्याला मान आणि माझ्या आईच्या जेवणाला चपलांची जागा. मुदत संपेपर्यंत नववीचा तास माझाच आहे, आणि मी हेच शिकवणार. पुढच्या शाळेतही हेच शिकवणार. तिथूनही काढा.