जीपमध्ये हळू बोलता यावं म्हणून

निवृत्त झाल्यावर यांनी जीप घेतली. रावेरच्या एका केळीबागायतदाराच्या मळ्यात ती बरीच वर्षं चिंचेखाली उभी होती. मागच्या सीटवर वाळक्या पानांचा थर साचला होता आणि स्टिअरिंगला कोळ्याने जाळं विणलं होतं. हे, म्हणजे माझे यजमान, जळगावच्या एका दालमिलमध्ये आयुष्यभर यंत्रं सांभाळत आले. घरी यायचे तेव्हा भुवयांवर तुरीच्या टरफलांची बारीक पिवळी धूळ असायची. छत नसलेली गाडी घेऊन सातपुड्याच्या पायथ्याला भटकायचं, हे त्यांनी मनात कधी ठरवलं, मला कळलंच नाही. तोवर आमच्यातलं सांगणं-विचारणं फार कमी झालं होतं.

भांडण काही नव्हतं. यांना ऐकू कमी यायचं आणि ते त्यांना मान्य नव्हतं. मिलमध्ये कानात घालायला कापसाचे बोळे मिळत, ते यांच्या खिशातच राहायचे. मुलीने एकदा हट्टाने श्रवणयंत्र आणून दिलं, ते कपाटाच्या खणात गेलं. मग मी मोठ्याने बोलायला लागले. मोठ्याने बोललेलं सगळंच रागावल्यासारखं ऐकू येतं, म्हणून मी हळूहळू कामापुरतंच बोलू लागले. गॅस संपलाय, मुलीचा फोन आलाय, दार लावून घ्या. आज उगाच आईची आठवण आली, असलं काही ओरडून सांगता येत नाही. ते सांगायचं राहूनच जायचं.

जीप दुरुस्त केली ती रावेरच्या एका गॅरेजवाल्याने. केळीचे ट्रक आणि ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांना आम्ही भाई म्हणतो, ते मला भाभी म्हणतात. त्यांच्याकडेही एक जुनी जीप होती. महिन्यातून एखाद्या रविवारी दोन्ही गाड्या निघायच्या. पुढे आमची, मागे भाईंची. केळीच्या बागा संपल्या की ज्वारीची रानं, मग ओसाड माळ, आणि मग धुक्यातून वर येणारा निळा डोंगर. मला ते सगळं पाहताना डोळे उघडे ठेवून झोपल्यासारखं वाटायचं. फक्त इंजिनाची घरघर आणि वारा एवढा असायचा की शेजारी बसलेलं माणूस काचेपलीकडे बसल्यासारखं.

एका रविवारी आम्ही नदीच्या कोरड्या पात्रातून चाललो होतो. पुढे वाळूचा रंग बदललेला मला दिसला, ओलसर, काळपट. मी ओरडले, उजवीकडे घ्या. यांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि हसले. मी काहीतरी छान दाखवते आहे असं त्यांना वाटलं असणार. पुढची दोन्ही चाकं भसकन रुतली. भाईंनी दोर लावून आम्हाला बाहेर काढेपर्यंत दुपार झाली. कोणाला लागलं नाही, पण भाई हात पुसत म्हणाले की यापुढे तुम्ही दोघं एकमेकांशी बोलू शकल्याशिवाय मी तुम्हाला पुढे जाऊ देणार नाही. डोंगरात शर्यतीच्या गाड्या चालवणारे लोक कानावर पट्टे लावून बोलतात, तसलं काहीतरी घ्या, असं त्यांनी सुचवलं.

यांना ते एकदम पटलं. त्यात कानाचा दोष निघत नव्हता, जीपचा निघत होता.

जळगावच्या बाजारात एक जुनं दुकान आहे, भोंगे, माइक, पहारेकऱ्यांचे वॉकीटॉकी असलं विकणारं. मालक मूळचे राजस्थानचे, पण दोन पिढ्या इथेच गेलेल्या. पांढराशुभ्र सदरा, बोलणं सावकाश. यांनी आत शिरताच सांगितलं, सगळ्यात ताकदीचा सेट दाखवा. शेठजींनी काही दाखवलं नाही. त्यांनी आधी आम्हाला बसवलं आणि विचारलं, "कोणाला कोणाशी बोलायचंय?"

प्रश्न साधा होता, पण आम्ही दोघंही एकमेकांकडे पाहू लागलो. मग त्यांनीच समजावून सांगितलं. एका गाडीतल्या माणसांनी आपसात बोलायचं तर इंटरकॉम. एका गाडीतून दुसरीत बोलायचं तर रेडिओ. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक एकीच्या जागी दुसरी घेऊन जातात. रेडिओत जास्त ताकदीच्या सेटला सरकारी परवाना लागतो. बिनपरवान्याचे छोटे सेट मिळतात, ते डोंगराचं वळण आडवं आलं की अडखळतात, पण मागच्या गाडीला हाक मारायला पुरेत. हे थोडे हिरमुसले. त्यांना पार धुळ्यापर्यंत आवाज जाईल असं यंत्र हवं होतं. धुळ्याला माझं माहेर, तिथे कोणाशी बोलणार होते कोण जाणे.

इंटरकॉमचे दोन प्रकार त्यांनी काउंटरवर ठेवले. एक बिनवायरचा, हलका, दिसायला सुबक. दुसरा वायरचा, कानावर जाडजूड कप, ओठांपुढे वाकवता येणारा माइक, आणि दोघांच्या वायरी जाऊन मिळतात अशी एक डबी, तिच्यावर आवाज कमीजास्त करायच्या चकत्या. दुकानात दोन्ही छान वाजले. यांनी सुबक तो घ्यायला सांगितलं. मी म्हटलं, दुकानात आपल्याला काय बोलायचंय, जीपमध्ये लावून बघू. शेठजींना माझं म्हणणं पटलं असावं. दुकान मुलावर सोपवून ते स्वतः मागच्या सीटवर येऊन बसले.

शहराबाहेरच्या रस्त्याला लागल्यावर आम्ही बिनवायरचा लावला. बोललं की तो आपोआप सुरू व्हायचा, पण सुरू होईपर्यंत पहिलं अक्षर गिळून टाकायचा. मी 'अहो' म्हटलं की यांना नुसतं 'हो' ऐकू जायचं. मी हाक मारायची आणि यांना वाटायचं मी होकार देते आहे. वारा वाढला की तो वाऱ्यालाच माणूस समजून उघडायचा आणि कानात नुसती खरखर. तो काढून ठेवला.

गाडी झाडाखाली थांबवून वायरचा लावला. इंजिन सुरूच ठेवलं होतं. कप कानावर बसले तशी बाहेरची घरघर लांब गेली, विहिरीत पडल्यासारखी. मी माइक ओठांजवळ घेतला, बोलले, आणि माझाच आवाज मला आतून आल्यासारखा ऐकू आला. यांनी चकत्या फिरवून पाहिल्या. मग म्हणाले, यात बिघाड आहे, डावा कप बंद आहे. शेठजींनी पुढे वाकून वायर काढून लावली. तरी बंद. त्यांनी त्यांच्या पिशवीतून दुसरा जोड काढून दिला. त्याचाही डावाच बंद. यांचा आवाज चढला, असला माल कशाला ठेवता म्हणाले. शेठजींनी तो जोड स्वतःच्या कानाला लावला, डबीवर बोट टकटकवलं. मग जोड माझ्या हातात दिला आणि माझ्याकडे पाहिलं. मी लावला. डावा कप स्वच्छ चालू होता.

शेठजी लघुशंकेचं निमित्त काढून उतरले आणि रस्त्याच्या कडेने बरेच लांब चालत गेले. त्यांची पाठ मला अजून दिसते.

मी यांना जोड परत दिला. त्यांनी लावला. मी समोर रस्त्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला त्यांच्याशी बोलायला तोंड वळवावं लागत नव्हतं. बोलले ते माझ्या माहेरच्या बोलीत बोलले. लग्नानंतर शहरात ती बोली मी घडी करून ठेवून दिली होती. ती त्या वेळी का वर आली सांगता येत नाही. फार हळू बोलायचं होतं म्हणून असेल.

"डावा कप चालू शे."

कानात त्यांचा श्वास ऐकू येत होता. त्यांचा श्वास इतका जवळून ऐकून मला वर्षं झाली होती.

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "मिलमध्ये होतो तेव्हापासून माहीत आहे."

मग त्यांनी विचारलं, "तू नेहमी असंच बोलतेस? एवढं हळू?"

मी म्हटलं, बोलत होते. त्यांनी उजव्या कपाची चकती थोडी वाढवली आणि डाव्याची शून्यावर आणून ठेवली.

शेठजी परत आले तेव्हा आम्ही वायरचा घ्यायचा ठरवला होता. त्यांनी शेवटचं एक विचारलं, रेडिओ याच कपांना जोडून देऊ का, म्हणजे भाईंचा आवाजही सरळ कानात येईल. हे हो म्हणणार होते. मी नको म्हटलं. रेडिओ बाहेर डॅशबोर्डवर राहू दे, त्याचा भोंगा मोठा लावा. कपांच्या आत तिसरा माणूस नको. शेठजींनी मान हलवली आणि तसंच जोडून द्यायचं कबूल केलं. यांनी दुकानात परत गेल्यावर, पैसे देण्याआधी, आपला आवाज चढला त्याबद्दल त्यांची माफी मागितली. मी यांना कोणाची माफी मागताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या रविवारी धुकं दाट होतं. केळीच्या घडांना बांधलेल्या निळ्या पिशव्या धुक्यात तरंगत असल्यासारख्या दिसत होत्या. हे गाडी चालवत बोलत होते, आणि इतकं बोलत होते की मी नुसती ऐकत बसले. मिलमध्ये यंत्रांच्या आवाजात ते सगळे हातवाऱ्यांनी बोलत. दोन बोटं नाकाला लावली की मालक आलेत, तळहात पोटावर फिरवला की जेवणाची वेळ. एका सकाळी घराच्या गच्चीवर चिमण्या दाणे टिपत होत्या आणि त्यांच्या चोची हलत होत्या, पण आवाज नव्हता. तेव्हा त्यांना कळलं होतं. त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं. हे सगळं ते समोर पाहत, अगदी सहज सांगत होते. मी मध्येच, उजवीकडे घ्या, खड्डा आहे, असं हळूच म्हणायची आणि गाडी हळूच उजवीकडे जायची. आपण एखाद्या लांबलचक स्वप्नात आहोत आणि दोघांना एकच स्वप्न पडलं आहे, असं मला त्या वाटेवर वाटत राहिलं.

अधूनमधून डॅशबोर्डवरचा रेडिओ खरखरायचा. भाई मागून विचारायचे, सब ठीक? हे बटण दाबून ठीक म्हणायचे. पुन्हा आमचे कप शांत.

त्या आठवड्यात ते स्वतःहून कानाच्या डॉक्टरांकडे गेले. डाव्या कानाचं आता काही होणार नाही असं डॉक्टर म्हणाले, उजव्यासाठी खणातलं यंत्र नीट बसवून दिलं. घरात त्याने बऱ्यापैकी भागतं. पण जीपमध्ये कप चढवले की यांची जी भाषा सुटते ती घरात सुटत नाही. मीही तिथे वेगळी बोलते. माझी आई, धुळ्याच्या रस्त्यावरचं आमचं शेत, लग्नाआधी मला शिकायचं होतं ते, असं कितीतरी मी त्या माइकमध्ये सांगून टाकलं आहे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही डोंगराच्या अंगावर सागाच्या झाडांखाली थांबलो होतो. भाई मागे कुठेतरी त्यांच्या गाडीचं चाक बदलत होते. इंजिन बंद, कप कानावरच. यांनी विचारलं की आत्ता इथे काय काय ऐकू येतंय. मी एक कप बाजूला सरकवून ऐकलं आणि सांगत गेले. खाली कुठेतरी बकऱ्यांच्या गळ्यातली घंटा. एक पक्षी, कोणता ते माहीत नाही, तीनदा बोलून थांबणारा. सागाची पानं पडतायत, एकेक. त्यांनी विचारलं, पान पडल्याचा आवाज येतो? मी म्हटलं, सागाच्या पानाचा येतो, मोठं असतं ना.

सीटवर एक पान येऊन पडलं होतं. मी ते उचललं आणि माइकजवळ धरून दोन बोटांनी हळूहळू चुरगाळलं. यांनी डोळे मिटून घेतले. पान संपल्यावर ते म्हणाले, अजून एक.